एको कमी

कन्नमवारनगरच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने
साऊंडचं काम माझ्याकडे.
एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन चोंगे,
एक कॉलर-माईक, तो कुणाच्याही मोबाईलशी भांडतो.
मी शब्द ऐकत नाही.
मी ऐकतो खरखर, शिट्टी,
‘प’वर फुटणारी हवा,
कुठला पंखा वायरीत शिरलाय ते.
हळदीला, संदलला, भंडाऱ्याला
वीस वर्षं असंच ऐकलं.

पहिल्या संध्याकाळी वायरी मांडीवर घेऊन
मी पाय पसरून बसलो, तळवे थेट मूर्तीकडे.
गमरे मावशींनी एक शब्द न बोलता
वहीच्या कोपऱ्याने अंगठ्यावर टकटक केलं,
दार वाजवावं तसं.
पाय आत घेतले. का, ते विचारलं नाही.

बाकीचंही असंच कळत गेलं.
मावशी पाण्याचा ग्लास भन्तेंच्या हातात देत नाहीत,
रुमालावर ठेवतात, मग ते उचलतात.
वाकायचं तीनदा,
कपाळ, कोपरं, गुडघे जमिनीला लागेपर्यंत.
माझी कोपरं कधीच वेळेवर पोचली नाहीत.
‘साधु’ही तीनदा,
आणि तिसऱ्याला माझा लाल दिवा पेटतो,
कारण मागच्या रांगेतली पोरं तेवढ्यासाठीच थांबलेली असतात.

माईक चीवराला कुठे लावायचा कळेना,
उजवा खांदा तर उघडाच.
भन्तेंनी तो स्वतःच पोटाशी खोचला
आणि म्हणाले, उपासक, एको कमी करा.
मी एकदाच बोलतो, तुमची पेटी चारदा बोलते.
चुकलो तर चारदा चुकतो.

उपासक.
मला लोक ‘ओ साऊंडवाले’ म्हणतात.

एकोचं बटण शून्यावर कधी गेलंच नव्हतं.
धूळ खाऊन घट्ट बसलेलं, पक्कड लावावी लागली.
फिरलं, आणि खोली एकदम लहान झाली.
भंडाऱ्याकडचा एक म्हातारा माणूस
माझ्या कानात, हातभर अंतरावर, बोलत होता.
म्हणत होता, गिळलेलं वाक्य पोटात कुजत नाही,
ही अफवा बोलणाऱ्यांनीच उठवली.
लोक हसले. मी लेव्हल बघायची विसरलो.
माझा भाऊ भांडुपला राहतो.
चार वर्षांपूर्वीचं एक वाक्य मी गिळलं नव्हतं.

मग ध्यान, दहा मिनिटं.
माईक बंद करायचा की नाही, कुणी सांगितलं नव्हतं.
चालू ठेवला.
हेडफोनमध्ये श्वास, चीवराची सळसळ,
मावशींच्या बांगडीचा एक बारीक आवाज,
आणि मग
दूर कुठेतरी पिंप घरंगळावं तसं
भन्तेंचं पोट वाजलं.

चोंग्यापर्यंत पोचायच्या आत
मी आवाज खाली ओढला.
कुणालाच कळलं नाही.
त्यांनी मात्र एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं,
आणि मिटला.

नंतर सतरंज्या गुंडाळताना मावशींना विचारलं.
बाराच्या आत एकदा, त्या म्हणाल्या.
मग उद्याच.
तुला म्हाईत नव्हतं?

माझ्या बॅगेत रोजच्यासारखा वडापाव होता,
कागद तेलाने पारदर्शक झालेला.
भन्तेंचं आसन तिथून सहा फूट.
सतरा दिवस मी तो तिथेच ठेवत होतो.

दुसऱ्या दिवसापासून बाहेर, नाल्याच्या कठड्यावर
उभ्याने खाल्ला, येण्याआधी.
हात दोनदा धुतले. वास जात नाही.

अश्विन पौर्णिमेला मडक्यातून निघालेला पांढरा दोरा
हातांहातांतून माझ्यापर्यंत आला.
मी मावशींकडे बघितलं. धर, म्हणाल्या.
चार ओळी पलीकडे कुणी खोकलं
ते बोटाला कळलं.

परवा भांडुपला हळद होती.
नवरदेवाचा मामा म्हणाला, एको वाढव, मजा येत नाही.
वाढवला.
मामा जेवायला बसले
तेव्हा थोडा कमी केला.